फंक्शन बदललं, पण आकडे जुनेच राहिले

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात दोन तक्ते होते. एकात पावसाळी दिवसांची संख्या केंद्रनिहाय, दुसऱ्यात महिनानिहाय. दोन्ही तक्त्यांची एकूण बेरीज एकच यायला हवी, कारण मोजायचे दिवस तेच, फक्त गठ्ठे वेगळे. पण बेरीज जुळेना. पहिल्या तक्त्यात दिवस कमी, दुसऱ्यात बरेच जास्त. गाईड मॅडमनी मसुद्यावर दोन्ही आकड्यांना पेन्सिलीने गोल केला होता आणि मध्ये नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मी दोन दिवस डेटामधली चूक शोधत बसले. दुबार नोंदी आहेत का, तारखा घसरल्यात का, एखादं केंद्र दोनदा आलंय का, सगळं बघून झालं. डेटा स्वच्छ होता. मग आठवलं, पंधरा दिवसांपूर्वी डेटाबेसमधलं एक छोटं फंक्शन मी बदललं होतं. तो बदल बरोबरच होता. पण फंक्शन बदललं की त्याच्यासोबत काय काय बदलतं आणि काय काय आहे तसंच राहतं, हे मला नीट माहीत नव्हतं.

संशोधनाच्या तयारीत असलेल्या बहुतेकांचा डेटा आज एक्सेलमध्ये असतो. तो वाढला की कधी ना कधी डेटाबेसमध्ये न्यावा लागतो, आणि मग फंक्शनं लिहावी लागतात. म्हणून हा लेख. उदाहरणं पोस्टग्रेसक्यूएलची आहेत, कारण मी तोच डेटाबेस वापरते. आज्ञा इथे वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्यात. प्रत्यक्षात त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

फंक्शन म्हणजे साठवलेली व्याख्या

तेच गणित पुन्हा पुन्हा लिहायला नको म्हणून आपण ते एका नावाखाली डेटाबेसमध्येच साठवून ठेवतो. हेच साठवलेलं फंक्शन. संशोधनात मात्र त्याचं काम फक्त टायपिंग वाचवण्याचं नसतं. पुष्कळदा ते तुमच्या प्रबंधातली एखादी व्याख्याच असते.

‘पावसाळी दिवस’ हेच घ्या. बोलताना आपण चार थेंब पडले तरी ‘आज पाऊस झाला’ म्हणतो. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार मात्र २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो पावसाळी दिवस. मी सुरुवातीला हे न बघताच फंक्शन लिहिलं होतं:

क्रिएट फंक्शन पावसाळी_दिवस(मिमी न्यूमेरिक)
रिटर्न्स बूलियन
लँग्वेज एसक्यूएल इम्यूटेबल
ॲज $$ सिलेक्ट केस व्हेन मिमी > ० देन ट्रू एल्स फॉल्स एंड $$;

फरक किती पडतो ते एका आठवड्यावर बघू. समजा सात दिवसांच्या नोंदी अशा आहेत: ०, ०.४, २.५, १.८, १२.०, ७०.२ आणि सातव्या दिवशी नोंदच नाही. माझ्या पहिल्या फंक्शनने पावसाळी दिवस येतात ५. हवामान विभागाच्या व्याख्येने ३. ‘२.५ किंवा जास्त’ऐवजी चुकून ‘२.५ पेक्षा जास्त’ लिहिलं तर २. एका चिन्हाने आणि एका आकड्याने उत्तर पाचावरून दोनावर येतं.

मॅडमनी व्याख्या दुरुस्त करायला सांगितली. मी तीच आज्ञा पुन्हा लिहिली, सुरुवात ‘क्रिएट ऑर रिप्लेस फंक्शन’ अशी केली आणि ‘> ०’ च्या जागी ‘>= २.५’ टाकलं. डेटाबेस ‘क्रिएट फंक्शन’ एवढंच म्हणाला. ना एरर, ना इशारा. मला वाटलं, झालं काम.

डेटाबेस फंक्शनला कसं ओळखतो?

पोस्टग्रेसमध्ये पीजी_प्रॉक नावाचं एक अंतर्गत टेबल असतं. प्रत्येक फंक्शनची त्यात एक ओळ असते: नाव, स्कीमा, इनपुटचे प्रकार, परताव्याचा प्रकार, मजकूर वगैरे. प्रत्येक ओळीला एक क्रमांक असतो, त्याला ओआयडी म्हणतात. एखादा व्ह्यू तुमचं फंक्शन वापरतो तेव्हा तो फंक्शनचं नाव लक्षात ठेवत नाही, हा क्रमांक लक्षात ठेवतो.

‘क्रिएट ऑर रिप्लेस’ हेच साधतं. क्रमांक तोच राहतो, आतला मजकूर बदलतो. घराचा पत्ता तोच, आतली माणसं नवी. म्हणून त्या पत्त्यावर येणारे सगळे व्ह्यू, ट्रिगर, अटी यांना धक्का लागत नाही. फंक्शनची मालकी आणि कुणाला ते चालवता येईल याच्या परवानग्याही तशाच राहतात. फंक्शनवर ‘कॉमेंट ऑन फंक्शन’ने टीप लिहिली असेल तर तीसुद्धा जुनीच राहते. ‘शून्यापेक्षा जास्त पाऊस’ ही माझी टीप नव्या फंक्शनवर तशीच चिकटलेली होती.

आता मेख इथे आहे. ‘तेच फंक्शन’ कशाला म्हणायचं? स्कीमा, नाव आणि इनपुटचे प्रकार, या तिन्हींचा मेळ बसला तरच पोस्टग्रेस ते जुनं फंक्शन मानून बदलतो. इनपुटचा प्रकार वेगळा निघाला तर तो त्याच नावाचं दुसरं फंक्शन तयार करतो. जुनंही जागेवर, नवंही जागेवर. याला ओव्हरलोडिंग म्हणतात. सोय चांगली आहे, पण बदल करताना घात करते.

समजा मूळ फंक्शन ‘इंटिजर’ घेतं. दशांश हवेत म्हणून तुम्ही ‘न्यूमेरिक’ करून ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ चालवलं. वाटतं बदललं, पण ज्या टेबलात कॉलम अजून ‘इंटिजर’ आहे त्याच्यासाठी जुनंच फंक्शन चालत राहतं, कारण तेच नेमकं जुळतं. एकही एरर येत नाही. याउलट डिफॉल्ट किंमत असलेलं एक जादा पॅरामीटर जोडलं, तर जुन्या पद्धतीने हाक मारल्यावर ‘फंक्शन एकमेव नाही’ असा एरर येतो, कारण दोन्ही फंक्शनं त्या हाकेला ओ देऊ शकतात. हा एरर त्रासदायक वाटतो, पण गप्प राहून चुकीचं उत्तर देण्यापेक्षा तो केव्हाही बरा.

म्हणून फंक्शन बदलल्यावर पीएसक्यूएलमध्ये ‘\डीएफ पावसाळी_दिवस’ ही आज्ञा देऊन त्या नावाच्या किती ओळी दिसतात ते मोजा. एक अपेक्षित असेल आणि दोन दिसल्या, तर तुम्ही काहीच बदललेलं नाही, भर घातली आहे.

बदलू देत नाही त्या गोष्टी

काही बाबतीत पोस्टग्रेस सरळ नकार देतो.

एक, परताव्याचा प्रकार. नुसतं हो किंवा नाही नको, पावसाचा वर्ग हवा, असं ठरलं तर बूलियनचं टेक्स्ट करता येत नाही. कारण उघड आहे: एखाद्या व्ह्यूने त्या जागी हो-नाही गृहीत धरून बाकीची मांडणी केलेली असते. आउट पॅरामीटर असतील तर त्यांचे प्रकारही असेच बदलता येत नाहीत.

दोन, इनपुट पॅरामीटरचं नाव. मला ‘मिमी’चं ‘पाऊस_मिमी’ करायचं होतं, तेही जमलं नाही. कुणी नाव घेऊन किंमत पाठवत असेल तर त्याची क्वेरी मोडेल म्हणून ही काळजी. ज्या पॅरामीटरला मुळात नावच नव्हतं त्याला नव्याने नाव देता येतं.

तीन, आधी दिलेली डिफॉल्ट किंमत काढून टाकता येत नाही.

दुसऱ्या बाजूला ‘ऑल्टर फंक्शन’ ही आज्ञा आहे. तिने नाव, मालक, स्कीमा आणि फंक्शनचे गुणधर्म बदलतात, पण मजकुराला ती हात लावत नाही. थोडक्यात, मजकूर बदलायचा तर ‘क्रिएट ऑर रिप्लेस’, गुणधर्म बदलायचे तर ‘ऑल्टर’. ही वाटणी लक्षात न ठेवल्यामुळे मी दुसऱ्यांदा फसले.

जे लिहिलं नाही ते पुसलं जातं

माझ्या पहिल्या फंक्शनमध्ये आणखी एक दोष होता. नोंद नसलेल्या दिवशी किंमत ‘नल’ असते. ‘नल > ०’ याचं उत्तर खरं नाही आणि खोटंही नाही, म्हणून ‘केस’ खाली ‘एल्स’वर घसरतं आणि ‘फॉल्स’ देतं. म्हणजे नोंद नाही तो दिवस कोरडा ठरतो. हे लक्षात आल्यावर मी ‘ऑल्टर फंक्शन’ने त्याला ‘स्ट्रिक्ट’ केलं होतं. स्ट्रिक्ट म्हणजे इनपुट नल असेल तर फंक्शन चालवायचंच नाही, उत्तर थेट नल. दोष गेला.

मग काही आठवड्यांनी व्याख्या दुरुस्त करायची वेळ आली. मी जुन्या फाइलमधली आज्ञा उचलली, आकडा बदलला, चालवली. त्या फाइलमध्ये ‘स्ट्रिक्ट’ हा शब्द नव्हता, कारण तो मी नंतर वेगळ्या आज्ञेने जोडला होता. ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ मालकी आणि परवानग्या सांभाळतं, पण बाकीचे सगळे गुणधर्म आज्ञेत जसे लिहिले असतील तसे लावतं. लिहिले नसतील तर डिफॉल्ट. माझं ‘स्ट्रिक्ट’ गेलं आणि नोंद नसलेले दिवस पुन्हा कोरडे झाले.

वरच्या आठवड्याचंच उदाहरण घ्या. नोंद असलेले दिवस ६, त्यांपैकी पावसाळी ३, म्हणजे ५० टक्के. नोंद नसलेला दिवस कोरडा धरला तर ७ पैकी ३, म्हणजे सुमारे ४३ टक्के. ज्या केंद्रावर नोंदी जास्त गहाळ, ते केंद्र जास्त कोरडं दिसणार. माझ्या नकाशावर तसा एक कोरडा पट्टा दिसतही होता, आणि मी त्याचं भौगोलिक कारण शोधायला लागले होते! एका शब्दाच्या अभावाने मला नसलेला निष्कर्ष दाखवला होता.

असंच इतर गुणधर्मांचं. ‘इम्यूटेबल’ लिहायचं राहिलं तर फंक्शन ‘व्होलाटाइल’ होतं. ‘पॅरलल सेफ’ राहिलं तर ‘पॅरलल अनसेफ’, आणि मोठ्या टेबलावरची क्वेरी अचानक मंदावते. ‘सिक्युरिटी डिफायनर’ राहिलं तर फंक्शन मालकाच्या नव्हे, चालवणाऱ्याच्या अधिकाराने चालतं.

यावर उपाय सोपा आहे. जुनी फाइल उचलायची नाही. डेटाबेसलाच विचारायचं: ‘पीजी_गेट_फंक्शनडेफ’ हे फंक्शन सध्याची पूर्ण व्याख्या, सगळ्या गुणधर्मांसह, ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ आज्ञेच्या रूपात हातात देतं. पीएसक्यूएलमध्ये ‘\एसएफ’ने ती दिसते आणि ‘\ईएफ’ने थेट एडिटरमध्ये उघडते. तिच्यात बदल करा.

पाडून पुन्हा बांधलं तर?

परताव्याचा प्रकार बदलायचाच असेल तर ‘ड्रॉप फंक्शन’ करून नव्याने ‘क्रिएट’ करावं लागतं. एरर देतानाच पोस्टग्रेस तशी सूचनाही करतो. ती सूचना डोळे झाकून पाळू नका.

नवं फंक्शन म्हणजे नवा क्रमांक. जुन्या क्रमांकावर अवलंबून असलेले व्ह्यू असतील तर ‘ड्रॉप’ नकार देतो. मग कुणीतरी सांगतं, शेवटी ‘कॅस्केड’ लाव. ‘कॅस्केड’ लावलं की फंक्शनसोबत त्याच्यावर उभे असलेले व्ह्यू, इंडेक्स, अटी आणि त्याच्यापासून बनलेले कॉलमसुद्धा जातात. एक वीट काढायला जाऊन भिंत खाली.

परवानग्यांचंही तसंच. नव्या फंक्शनवर परवानग्या कोऱ्या पाटीवरून सुरू होतात, आणि पोस्टग्रेसमध्ये नवं फंक्शन चालवायची मुभा आपोआप सगळ्यांना असते. आधी मुद्दाम काढून घेतलेली मुभा पुन्हा उघडते. आरोग्य किंवा सर्वेक्षणाच्या डेटावर काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा.

बदल कुठपर्यंत पोचतो

आता मूळ प्रश्न. माझ्या दोन तक्त्यांपैकी एकच का बदलला?

केंद्रनिहाय तक्ता साध्या व्ह्यूवरून आला होता. साधा व्ह्यू म्हणजे साठवलेली क्वेरी. दर वेळी ती नव्याने चालते, फंक्शनला नव्याने हाक मारते. म्हणून तिथे नवी व्याख्या लगेच लागू झाली.

महिनानिहाय तक्ता मटेरिअलाइज्ड व्ह्यूवरून होता. क्वेरीला वेळ लागायचा म्हणून मी तो केला होता. यात क्वेरीचं उत्तरही साठवलेलं असतं. ‘रिफ्रेश मटेरिअलाइज्ड व्ह्यू’ म्हटल्याशिवाय ते उत्तर बदलत नाही. फंक्शन बदललं हे त्याला कळतच नाही. एकाच प्रकरणात, एकाच नावाखाली, दोन व्याख्या नांदत होत्या.

अशा साठवलेल्या जागा आणखी आहेत.

जनरेटेड कॉलम: पोस्टग्रेसच्या १२ व्या आवृत्तीपासून (२०१९) टेबलातला एखादा कॉलम दुसऱ्या कॉलमवरून आपोआप काढून साठवता येतो. त्यात तुमचं फंक्शन वापरलं असेल तर जुन्या ओळींत जुनी उत्तरं राहतात आणि नव्याने भरलेल्या ओळींत नवी येतात. म्हणजे एकाच कॉलमात वरचा भाग एका व्याख्येचा, खालचा दुसऱ्या. कालमालिकेत हे फार धोक्याचं आहे, कारण फंक्शन बदललं त्या तारखेला हवामानच बदलल्यासारखं दिसेल.

फंक्शनवर बांधलेला इंडेक्स: क्वेरी वेगाने व्हावी म्हणून फंक्शनच्या उत्तरावरही इंडेक्स बांधता येतो. त्यात बांधतानाची उत्तरं असतात. फंक्शन बदलल्यावर इंडेक्स आपोआप पुन्हा बांधला जात नाही. मग होतं असं, की क्वेरीने इंडेक्स वापरला तर उत्तर जुनं, पूर्ण टेबल वाचलं तर उत्तर नवं. कोणता रस्ता घ्यायचा हे डेटाबेस स्वतः ठरवतो. तीच क्वेरी, तोच डेटा, आणि उत्तरं दोन. इथे ‘रीइंडेक्स’ करायलाच हवं.

चेक अट: काही फायलींमध्ये नोंद नसल्याची खूण म्हणून -९९९ लिहितात. समजा ‘वैध_नोंद’ या फंक्शनने आधी ते चालवून घेतलं, नंतर तुम्ही ऋण आकडे नाकारणारं फंक्शन लिहिलं. अट नव्या ओळींना लागू होते. जुन्या -९९९ वाल्या ओळी तशाच राहतात, डेटाबेस मागे वळून तपासत नाही. हे उघड होतं ते बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवताना. तेव्हा सगळ्या ओळी अटीतून जातात आणि उतरवणं फसतं. योग्य क्रम असा: अट काढा, फंक्शन बदला, अट पुन्हा लावा. पुन्हा लावताना सगळ्या जुन्या ओळी तपासल्या जातात.

या सगळ्यांमागे एकच कारण आहे, आणि लेखातली हीच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जनरेटेड कॉलम किंवा इंडेक्ससाठी फंक्शन ‘इम्यूटेबल’ असावंच लागतं. ‘इम्यूटेबल’ हा डेटाबेसने केलेला तपास नाही. तो आपण दिलेला शब्द आहे: हाच आकडा दिला तर हेच उत्तर येईल, आज, उद्या, कायम. त्या शब्दावर विसंबून डेटाबेस उत्तर एकदा काढतो आणि जपून ठेवतो. फंक्शन बदललं की तो शब्द आपण मोडतो. डेटाबेस आपल्याला पकडत नाही, आणि साठवलेली उत्तरं फेकूनही देत नाही. तेव्हा निस्तरायचं कामही आपलंच.

दुसरीकडे कसं आहे?

सगळे डेटाबेस असेच वागत नाहीत. मायएसक्यूएलमध्ये फंक्शनसाठी ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ नाही, आणि तिथल्या ‘ऑल्टर फंक्शन’ने मजकूर बदलत नाही. पाडून पुन्हा बांधावं लागतं. मारियाडीबीमध्ये मात्र ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ च्या आवृत्तीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून ‘क्रिएट ऑर ऑल्टर’ मिळालं. ऑरॅकलमध्ये फंक्शन बदललं की त्याच्यावर बांधलेले इंडेक्स ‘डिसेबल्ड’ होतात. म्हणजे तिथे जुनं उत्तर गुपचूप मिळत नाही. तेव्हा सहकाऱ्याने सांगितलेली युक्ती आपल्या डेटाबेसला लागू होते का, हे आधी बघा.

मी आता काय करते

त्या प्रश्नचिन्हानंतर मी एक क्रम ठरवला आहे. वेळ लागतो अर्धा तास.

१. सध्याची पूर्ण व्याख्या ‘पीजी_गेट_फंक्शनडेफ’ने काढून फाइलमध्ये ठेवते. ती फाइल गिटमध्ये जाते, तारीख आणि कारण लिहून.

२. कोण कोण अवलंबून आहे ते बघते. सोपी युक्ती: ‘बिगिन’ करून ‘कॅस्केड’ न लावता ‘ड्रॉप फंक्शन’ म्हणायचं. डेटाबेस नकार देतो आणि नकारासोबत अवलंबून असलेल्या व्ह्यू, इंडेक्स, अटींची यादी देतो. मग ‘रोलबॅक’. पहिला ‘बिगिन’ विसरू नका, कारण कुणीच अवलंबून नसेल तर फंक्शन खरंच उडेल.

३. ती यादी पुरी नसते. दुसऱ्या फंक्शनच्या मजकुरात आपल्या फंक्शनचं नाव असेल तर ते सहसा त्या यादीत येत नाही, कारण मजकूर नुसता मजकूर म्हणून साठवलेला असतो. म्हणून पीजी_प्रॉकच्या ‘प्रोएसआरसी’ कॉलमात नाव शोधते. आर आणि पायथनच्या स्क्रिप्टांतही शोधते. तिथून काढलेल्या सीएसव्ही फायली हासुद्धा साठवलेल्या उत्तरांचाच एक प्रकार आहे.

४. जुन्या फंक्शनची ‘पावसाळी_दिवस_जुने’ अशी प्रत करते. मग ‘बिगिन’ करून मूळ फंक्शन बदलते आणि दोघांची उत्तरं कुठे वेगळी येतात ते मोजते. तुलनेसाठी ‘<>’ऐवजी ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ वापरते, नाहीतर नलचे फरक दिसतच नाहीत. हेच आधी केलं असतं तर हरवलेलं ‘स्ट्रिक्ट’ तिथेच सापडलं असतं. फरक अपेक्षेप्रमाणे असेल तर ‘कमिट’, नसेल तर ‘रोलबॅक’. पोस्टग्रेसमध्ये फंक्शन बदलणंसुद्धा असं मागे घेता येतं. मायएसक्यूएलमध्ये अशा आज्ञेबरोबर आपोआप ‘कमिट’ होतं, तिथे ही वाट नाही.

५. ‘कमिट’नंतर रिफ्रेश, रीइंडेक्स, आणि जनरेटेड कॉलम पुन्हा काढणं. मूळ कॉलमला त्याचीच किंमत ‘अपडेट’ने परत दिली की जनरेटेड कॉलम नव्याने मोजला जातो. फंक्शनवरची टीपही बदलते.

६. लॅबमधलं कुणी तोच डेटाबेस वापरत असेल तर आधी सांगते. बदल ‘कमिट’ झाला की इतरांच्या पुढच्या क्वेरींना लगेच नवं फंक्शन मिळतं. त्यांची रात्रभर चालणारी स्क्रिप्ट मध्यावर असेल तर अर्धी उत्तरं एका व्याख्येवर आणि अर्धी दुसऱ्या.

बदलायचं की नवं नाव द्यायचं?

आता फंक्शन उघडण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारते: मी चूक दुरुस्त करतेय, की व्याख्या बदलतेय?

‘२.५ किंवा जास्त’ लिहायचं होतं आणि ‘२.५ पेक्षा जास्त’ लिहिलं, ही चूक. ती त्याच नावाखाली दुरुस्त करायची आणि साठवलेली सगळी उत्तरं नव्याने काढायची. पण हो-नाहीऐवजी हवामान विभागाचे वर्ग हवेत, ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार, तर ती वेगळी व्याख्या झाली. तिला ‘पावसाचा_वर्ग’ असं वेगळं नाव द्यायचं. जुनं फंक्शन जागेवर ठेवायचं, म्हणजे आधी छापलेला निबंध किंवा परिषदेतलं पोस्टर कोणत्या व्याख्येवर होतं हे वर्षभरानेही दाखवता येतं. तोंडी परीक्षेत ‘हा आकडा कसा आला?’ असं विचारलं तर ‘तेव्हा फंक्शन वेगळं होतं’ हे उत्तर चालत नाही.

माझं तिसरं प्रकरण शेवटी दुरुस्त झालं. महिनानिहाय तक्ता नव्याने काढला, ‘स्ट्रिक्ट’ परत लावलं आणि नकाशावरचा तो कोरडा पट्टा नाहीसा झाला. त्याच्यावर लिहिलेली अडीच पानं काढून टाकावी लागली. दोन्ही तक्त्यांच्या बेरजा आता एकच येतात, आणि पद्धती विभागात पावसाळी दिवसाची व्याख्या शब्दांत लिहिलेली आहे, शेजारी फंक्शनचं नाव आणि ते शेवटचं कधी बदललं ती तारीख. मॅडमनी त्या तारखेखाली पेन्सिलीने एक बारीक बरोबरची खूण केली आहे.